मैदानाला एक फेरी

नाव चुकलं? स्वतःचं नाव कसं चुकेल माणसाचं?

तिने पुन्हा एकदा तेच नाव, तोच पासवर्ड टाकला आणि स्क्रीनने पुन्हा तेच उत्तर तोंडावर मारलं. युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती. छत्रीचं पाणी खुर्चीखाली ओघळत होतं आणि वाचा-उपचार केंद्रातल्या स्वतःच्याच जुन्या खोलीत, स्वतःच्याच जुन्या टेबलाशी ती पाहुणीसारखी अवघडून बसली होती. वर्षभराने कामावर परतायचा पहिलाच दिवस. त्यात हे.

"बाबा रे, निदान तू तरी छळू नकोस," ती कॉम्प्युटरला म्हणाली.

"छळत नाहीये तो. तुम्ही कोण हेच त्याला माहीत नाही," टेबलाखालून आवाज आला.

ती केवढ्याने दचकली! वाकून पाहिलं तर आधी दोन मोजे दिसले, एक निळा नि एक काळा. मग वायरींचं भेंडोळं, आणि मग केसात जळमट अडकलेला एक तरुण, जो उठायच्या घाईत टेबलाच्या कडेवर डोकं आपटून पुन्हा खाली बसला.

"लागलं का?"

"नाही, रोजचंच आहे. मी इथले सर्व्हर बघतो. तुमची वायर जोडत होतो. मावशी म्हणाल्या, जुन्या मॅडम परत येताहेत... म्हणजे वयाने जुन्या नव्हे, आपलं..."

"सावरलंत हो छान," ती म्हणाली, आणि कित्येक दिवसांनी तिला आपसूक हसू आलं.

काउंटरवरच्या मावशी त्याला किल्लीवाला म्हणायच्या. कुणाचा पासवर्ड अडला, कुणाचं अकाउंट लॉक झालं की हाक एकच, 'बोलवा त्या किल्लीवाल्याला!' तो तिच्या शेजारी उभा राहिला, आपल्या लॅपटॉपवर काहीतरी शोधलं, आणि त्याची बोटं थबकली.

"तुमचं अकाउंट नाहीये. डिलीट झालंय."

"कुणी केलं?"

तो स्क्रीनकडेच बघत म्हणाला, "सिस्टीमने."

तिने मान डोलावली. सिस्टीमवर रागवून करणार काय! त्याने भराभर त्याच नावाचं नवं अकाउंट तयार केलं आणि म्हणाला, "आता नवा पासवर्ड टाका." एवढं बोलून तो चक्क पाठ फिरवून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"काय बघताय तिकडे?"

"पाऊस. कुणी पासवर्ड टाकत असलं की मी पाऊस बघतो."

"आणि पाऊस नसेल तेव्हा?"

"तेव्हा भिंत. भिंतीही काही वाईट नसतात दिसायला."

लॉगिन झालं. पण आत जाऊन पाहते तो काय, तिचा एकही जुना फोल्डर उघडेना. परवानगी नाही, परवानगी नाही, परवानगी नाही.

"अहो, नाव तर तेच आहे ना?"

"नाव तेच आहे. पण सर्व्हर नावावर जात नाही," तो समजावून सांगू लागला, आणि सांगताना त्याचा आवाज हळुवार झाला. "प्रत्येक अकाउंटच्या आत एक नंबर असतो. जन्मखूण म्हणा. अकाउंट गेलं की ती खूणही गेली. तेच नाव देऊन पुन्हा केलं तरी त्याच्या लेखी तुम्ही दुसऱ्याच कुणीतरी."

खरंच होतं ते. वर्षापूर्वी या खोलीत बसणारी मुलगी खळखळून हसायची, डबा खाताना गाणी गुणगुणायची. ती कुठे गेली कुणास ठाऊक. सर्व्हरने बरोबर ओळखलं, ती मनाशी म्हणाली.

त्या आठवड्यात तो रोज वर येत राहिला. एकेक फोल्डर तिच्या नव्या अकाउंटला जोडून देत राहिला. आज हा, उद्या तो. सगळं एका दिवसात होण्यासारखं होतं, हे न कळण्याइतकी ती दुधखुळी नव्हती. मावशी तर काउंटरवरून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "याची किल्ली हल्ली एकाच कुलपात फिरतेय गं बाई!" तो कानापर्यंत लाल व्हायचा. तिला वाटायचं, नको हे... आणि दुसऱ्या दिवशी जिन्यावर त्याची पावलं वाजली नाहीत तर तिचं कामात लक्ष लागायचं नाही.

शेवटी एकच फोल्डर उरला. तो काही केल्या उघडेना.

"याला नुसती परवानगी चालणार नाही, याला कुलूप घातलंय," तो म्हणाला. "पेशंटचे आवाज म्हणून गुप्त ठेवलेले असणार. आणि किल्ली तुमच्या जुन्या अकाउंटपाशी. फार महत्त्वाचं आहे का?"

तिने माउस बाजूला सारला. मग म्हणाली, "चहा पाजाल?"

चहा प्यायले ते सर्व्हररूममध्ये, कारण त्याला तिथून हलता येत नव्हतं. इवलीशी खोली, एसीचा बर्फासारखा गारवा, आणि काळ्या कपाटांची अखंड घरघर. ती कुडकुडायला लागली तेव्हा त्याने खुर्चीवरचा स्वेटर न बोलता तिच्यापुढे धरला. कोपराला विरलेला होता. तिने तो अंगात घातला, बाह्या हातांवरून खाली आल्या.

"आणि तू?" तिच्या तोंडून निघून गेलं. मग ती जीभ चावून म्हणाली, "म्हणजे तुम्ही?"

"तूच बरं आहे," तो म्हणाला. "मला सवय आहे थंडीची."

मग तिने सांगितलं. तिचे बाबा शाळेत कवायतीचे सर. आवाज असा की 'सावधान' म्हटलं की मैदानावरची पोरंच काय, रस्त्यावरचे सायकलवालेही पाय टेकवून उभे राहायचे. घरात दोघंच, बाप नि लेक. मग घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार, डॉक्टर म्हणाले. तिचा तर धंदाच आवाजाचा. ऑपरेशनच्या आधी तिने बाबांना इथे आणलं आणि त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला, वाक्यामागून वाक्य. त्या तुकड्यांतून त्यांच्यासाठी बोलणारं मशीन त्यांच्याच आवाजात बोलेल असं करायचं होतं. पण ऑपरेशनची तारीख अलीकडे आली, मग ते दुखणं लांबलं, मग नोकरीच सोडावी लागली.

"बाजारातलं मशीन आणून दिलं त्यांना. टाइप केलं की बोलतं. एकदाच वापरलं. मग पाटीवर लिहिलं, 'हा माणूस मी नाही.' तेव्हापासून पाटी नि पेन्सिल. आणि पाटीवर माणूस किती बोलणार रे? आधी गोष्टी सांगायचे. आता 'हो', 'नको', 'जेवलीस?'"

"ते आवाज... त्या फोल्डरमध्ये आहेत?"

"हो. म्हणून तर परत आले मी. नोकरी काय, कुठेही मिळाली असती."

त्याच्या हातातला कप तसाच राहिला. तिला वाटलं याला वाईट वाटलं, म्हणून विषय हलका करायला ती हसून म्हणाली, "बाबांचा मैदानावरचा नियम ऐकलायस? कुणी काच फोडली, कुणी मारामारी केली, तर स्वतः पुढे येऊन कबूल करायचं. कबूल करणाऱ्याला शिक्षा नाही. फक्त मैदानाला एक फेरी. पोरं आपणहून सांगायची, आहेस कुठे! पण खोटं बोललेलं कळलं तर मात्र बाबा बोलायचेच नाहीत त्या पोराशी. तीच मोठी शिक्षा."

तो हसला नाही. चहा गार झाला तरी त्याने पिऊन टाकला आणि म्हणाला, "बघतो काय करता येतंय."

दुसऱ्या दिवशी तो वर आला नाही. तिसऱ्याही. जिन्यात समोर आला तर नजर चुकवून भिंतीच्या कडेने उतरून गेला. तिला जे समजायचं ते ती समजली. आजारी बाप, गळ्यातली जबाबदारी, हे सगळं ऐकलं की माणसं अशीच पाऊल मागे घेतात. पहिलाच नव्हता तो. तिने स्वेटर घडी करून मावशींकडे परत पाठवला. जिवाला लागलं तिच्या, खोटं कशाला बोला. पण चेहऱ्यावर तिने काही दाखवलं नाही.

आणि मग एका दुपारी तो दारात येऊन उभा राहिला. डोळे लाल, दाढी वाढलेली.

"तुझं अकाउंट मी डिलीट केलं होतं," तो म्हणाला.

तिला आधी कळलंच नाही.

"नियम आहे. बरेच महिने कुणी लॉगिन केलं नाही की अकाउंट काढायचं. मी एकाच वेळी पुष्कळ काढली. चहा पिता पिता. नावंसुद्धा धड वाचली नाहीत. काढलेलं परत आणता येतं, पण त्याची मुदत केव्हाच संपली. हे सगळे दिवस मी तेच करून बघतोय... होत नाहीये."

"तुम्ही तर म्हणाला होतात, सिस्टीमने."

"सिस्टीम म्हणजे मीच. इथे दुसरं कोण आहे?"

बाहेर पाऊस धो धो लागला होता. तिने टेबलावरचा मायक्रोफोन जवळ ओढला. याच मायक्रोफोनसमोर बाबा बसले होते.

"डिलीट केलंत त्याचं काही नाही," ती शेवटी म्हणाली. "तुम्हाला काय माहीत होतं. पण मी तोंडाने विचारलं होतं तुम्हाला. समोर बसून विचारलं होतं."

"घाबरलो. तू पहिल्याच दिवशी हसलीस, आणि... मला ते जाऊ द्यायचं नव्हतं."

"सहावीतली पोरं कबूल करायची हो बाबांकडे. जा तुम्ही. कृपा करून जा."

रात्रीचं जेवण झाल्यावर तिने बाबांना सगळं सांगितलं. आवाज गेला, आता मिळायचा नाही, एवढंच सांगायचं ठरवलं होतं. पण बाबांपुढे काही लपवायची सवयच नव्हती, सगळंच बाहेर पडलं. स्वेटरसुद्धा. बाबांनी शांतपणे ऐकलं. मग पाटी ओढली. 'त्याने स्वतः सांगितलं?'

"हो. पण उशिरा."

'उशिरा सांगितलं म्हणजे सांगितलंच की.'

"बाबा, तुमचा आवाज गेलाय!" ती ओरडलीच, आणि लगेच रडू कोसळलं. बाबांनी बाहीने पाटी पुसली, तिला जवळ घेतलं, आणि ती लहान असताना थोपटायचे तसं पाठीवर थोपटत राहिले. पूर्वी थोपटताना ते काहीबाही गुणगुणायचे. ते आता नव्हतं, आणि त्याचंच तिला आणखी रडू आलं.

त्यानंतर ती आणि किल्लीवाला केंद्राच्या एकाच इमारतीत असून एकमेकांना परके झाले. त्याचं काही काम असलं तर ती चहाच्या निमित्ताने खोलीबाहेर जायची. मावशींनी एकदा तोंड उघडलं होतं, पण तिचा चेहरा बघून मिटलं.

मग एका सकाळी तो आला तो धावतच. हातात एक लॅपटॉप, झाकण एका बाजूने लोंबकळणारं.

"मॅडम, एकदाच ऐकून घ्या, मग पुन्हा तोंड दाखवणार नाही. हा ओळखता?"

ओळखणार कशी नाही? बिजागरी तिच्याच हातून तुटली होती. याच लॅपटॉपवर बाबांचे आवाज घेतले होते.

"हा भंगारात गेला असंच धरून चाललो होतो मी. काल माळ्यावरचं कपाट उपसलं तर सगळ्यात खाली हा! दुरुस्तीला टाकायचा म्हणून ठेवला आणि विसरलो. नियमाने तेव्हाच साफ करायला हवा होता."

"म्हणजे नियम पाळलात तिथे घात झाला आणि आळस केलात तिथे..."

"थांबा, अजून काही झालेलं नाही," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. "मशीन नेटवर्कला जोडलं की ते सर्व्हरला विचारतं, ही बाई आपली आहे का? सर्व्हर आता नाहीच म्हणणार. पण नेटवर्क नसेल तर विचारणार कुणाला? मग ते आपल्या आठवणीवर चालतं. शेवटचं कोण आलं होतं, पासवर्ड काय होता. हा लॅपटॉप तुम्ही परत केलात त्या दिवसापासून बंद आहे. तुम्ही गेलात हे याला अजून कुणी सांगितलेलंच नाही. आणि त्या फोल्डरची प्रतही, किल्लीही याच्या पोटात आहे."

एवढ्यात मावशी चहा घेऊन आल्या. लॅपटॉप उघडलेला दिसला, आणि शेजारी वायर नुसतीच पडलेली. बिचाऱ्या मदत करायला गेल्या. वायरचं टोक उचललं आणि, "अरे, ही लावायची राहिली की—"

"नको!"

तो ओरडला. केंद्रातल्या कुणीही त्याचा चढा आवाज कधी ऐकला नव्हता. मावशींच्या हातून वायर खाली पडली. त्याने ती उचलून थेट खिशातच घातली, आणि मग तोच खजील झाला. "माफ करा, मावशी... आज हिचं काम नाही."

स्क्रीन उजळली. तिचं जुनं नाव आलं, खाली रिकामी चौकट. तो उठून खिडकीशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. सवयीने. बाहेर पाऊस नव्हता, तरी.

तिने पासवर्ड टाकला. पहिल्यांदा चुकलं. तिने हात मांडीवर पुसले, डोळे मिटले, पुन्हा टाकलं.

स्वागत आहे.

वर्षभर कुणी तिला असं म्हटलं नव्हतं. फोल्डर तिथेच होता. तिने पहिली फाइल उघडली.

"आज हवा छान आहे," बाबा म्हणाले.

भरदार, खणखणीत, खर्जातला आवाज. मागून तिचाच आवाज आला, 'बाबा, आता पुढचं वाक्य वाचा.' आणि बाबा कुरकुरले, "कृपया दार बंद करा... हे काय वाक्य आहे? घरात असं कोण बोलतं? मी म्हणेन, ए छोटे, दार लाव, मांजर येईल! आणि तू रडतेस कशाला? आवाजच देतोय ना, जीव थोडाच देतोय!"

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मावशी पदराने डोळे पुसत होत्या. तो खिडकीशी तसाच उभा होता, वळला नाही, पण त्याचे खांदे हलत होते.

फाइली सुरक्षित उतरवून झाल्यावर तिने म्हटलं, "आभारी आहे तुमची." तो मान हलवून निघून गेला. मधे ते 'तुम्ही' उभं होतं.

त्या तुकड्यांतून आवाज घडवता घडवता पावसाळा उताराला लागला. मशीन बाबांच्या हाती दिलं तेव्हा त्यांनी ते नुसतंच मांडीवर ठेवलं, चालू केलं नाही. पाटीवर लिहिलं, 'आधी त्याला बोलाव.'

"कशाला?"

'बोलाव म्हटलं ना.'

तो रविवारी आला. दोन्ही मोजे एकाच रंगाचे होते, हे तिने आधी पाहिलं. खुर्चीच्या अगदी कडेवर बसला, हातात चहाचा कप. बाबांनी सावकाश एकेका बोटाने टाइप केलं आणि बटण दाबलं.

"सावधान!"

बाबांचा आवाज! तो ताडकन उभा राहिला, टाचा जुळल्या, चहा बशीत सांडला. बाबा मात्र गंभीरच. पुन्हा टाइप केलं.

"अकाउंट तू डिलीट केलंस?"

"हो, सर."

"आणि विचारल्यावर खोटं बोललास?"

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं. "हो, सर. बोललो."

बराच वेळ नुसती बटणांची टकटक. मग आवाज आला, "कबूल करणाऱ्याला शिक्षा नाही. पण मैदानाला एक फेरी."

घरासमोर शाळेचं मैदान होतं. वरून बारीक पाऊस. त्याने तिच्याकडे बघून विचारलं, "आत्ता?"

"बाबांकडे 'नंतर' नसतं," ती म्हणाली.

गॅलरीतून ती बघत राहिली. ऑफिसच्या बुटांनी, डबकी तुडवत, तो खरोखरच धावत होता. वर एकदाही न पाहता, एकही कोपरा न कापता. अर्ध्यात त्याला धाप लागली तरी थांबला नाही. एवढे दिवस मी रागावलेय कुणावर? तिने छत्री घेतली आणि धडधडत जिना उतरली.

"मीही येते," ती त्याच्या बरोबरीने धावत म्हणाली. "मलाही एक कबूल करायचंय."

"तू काय केलंस?"

"तू जिन्यात नजर चुकवायला लागलास तेव्हा मला वाटलं, बाबांच्या आजाराचं ऐकून पळालास. विचारलं नाही तुला. मनातल्या मनात काढून टाकलं. नावही धड न वाचता."

तो थांबला. छत्रीखाली दोघं इतकी जवळ होती की त्याच्या केसांतलं पाणी तिच्या हातावर पडत होतं. तो भलतीकडेच, मैदानाच्या त्या टोकाला बघत म्हणाला, "मला तू आवडतेस. टेबलाखालून डोकं आपटून उठलो ना, तेव्हापासून. हे मात्र... उशिरा नको म्हटलं."

"आता काय बघतोयस तिकडे?"

"पाऊस."

"मी पासवर्ड टाकत नाहीये. इकडे बघ."

त्याने पाहिलं. मग फेरी पुरी झाली तरी दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. पावलं आपोआप पुढच्या वळणावर वळली, मग त्याच्या पुढच्या.

आणि वरून, गॅलरीतून, मशीनचा आवाज होता तितका मोठा करून, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशी आरोळी आली.

"एकच फेरी सांगितली होती!"

तिने मान वर करून पाहिलं. बाबा कठड्याला टेकून उभे होते. पाटी कुठेच दिसत नव्हती. रस्त्यावरच्या एका सायकलवाल्याने दचकून पाय टेकला, आणि ती भर पावसात, खळखळून, हसता हसता रडायला लागली.